जवारी काढायला मिरजेला

आईचा तंबोरा दोन वर्षं खोळीत पडून होता. मागच्या महिन्यात काढला तर आवाज मेलेला. पुण्यात एकाने घोडी, तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, अशी काही घासून दिली की होती ती आस, म्हणजे तारेची रेंगाळणारी गुंजही गेली. शेवटी जवारी काढायला, म्हणजे घोडी नेमकी घासून ती गुंज परत आणायला, मिरज गाठली, सतारमेकर गल्ली.

कारागीर सत्तरीचे. चाचा म्हणावं की काका, मी घुटमळले. "काका म्हणा की. आईंचा तंबोरा आमच्याच हातचा दिसतोय."

तंबोरा आडवा घेऊन त्यांनी कानशीचे दोनच हात मारले, तार छेडली, नापसंतीने मान हलवली, पुन्हा दोन हात. तासभर हेच. मग तार आणि घोडीच्या मधे सुती दोरा सरकवला. केसभर पुढे, केसभर मागे. आणि एकदम षड्ज खोलीभर झाला.

ही मूळ शिकलगारांची घराणी. हत्यारांना धार लावायचं काम सुटत गेलं तसे एकोणिसाव्या शतकात वाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूरकडचा. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. काकांना त्याचं फारसं काही नव्हतं. "त्यानं जवारी निघत नाही."

मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. कैरानाचा गवई मिरजेत राहिला, 1937 मध्ये गेला आणि इथलाच झाला. उरुसात तिथे गाणी होतात. त्याच उरुसात पहिला मानाचा गलेफ, कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो.

'सांस्कृतिक बहुविधता' म्हटलं की भाषणातलं 'गुण्यागोविंदाने' आठवून मला कंटाळा येतो. 2009 च्या गणेशोत्सवात याच गावात दंगल झाली. भीतभीत विचारलं.

काकांनी कानस पुसून ठेवली. "दुकान बंदच होतं. उघडलं तवा पहिलं गिऱ्हाईक भजनी मंडळाचं. वीणा राहिलेली त्यांची."

"काय बोलले?"

"एकादशीच्या आत द्या म्हणले."

समेट, माफी, गळाभेट, काही नाही. मंडळाला वीणा हवी होती आणि ती करणारा माणूस या गल्लीतच होता. मला हे भाषणापेक्षा भरवशाचं वाटतं. पुरेसं आहे असं मात्र छातीठोक सांगणार नाही; दुकान बंद ठेवावं लागलंच होतं.

खोळ त्यांनी स्वतः बांधली. "रोज वाजवा, नाहीतर परत मुका व्हायचा."

घरी येईतो पंचमाखालचा दोरा सरकला. चार दिवस झाले, मला काही तो जागेवर बसवता येत नाहीये.