‘इन द मूड’ची सुरावट नेमकी कोणाची?

‘इन द मूड’ ही जॅझमधली गाजलेली नृत्यरचना म्हटली की पाठोपाठ अमेरिकी वाद्यवृंदप्रमुख ग्लेन मिलरचे नाव येते. परंतु १ ऑगस्ट १९३९ रोजी त्याच्या वाद्यवृंदाने ब्लूबर्ड या तबकडी कंपनीसाठी ही रचना ध्वनिमुद्रित केली, तेव्हा तिची मुख्य सुरावट निदान नऊ वर्षांची झालेली होती. १९३० साली ट्रम्पेटवादक विंगी मॅनोनने काढलेल्या ‘टार पेपर स्टॉम्प’मध्ये ती स्पष्ट ओळखू येते, आणि पुढच्याच वर्षी वाद्यवृंदप्रमुख फ्लेचर हेंडरसनच्या ‘हॉट अँड अँक्शस’मध्ये पुन्हा भेटते. अशा छोट्या सुरावटी तेव्हा वादकांमध्ये हातोहात फिरत असत. सॅक्सोफोनवादक जो गार्लंडने तिचा विस्तार करून तिला आजचे नाव दिले आणि १९३८मध्ये ती एडगर हेजच्या वाद्यवृंदाच्या तबकडीवर आली.

त्याच वर्षी क्लॅरिनेटवादक आर्टी शॉने आपल्या वाद्यवृंदासह ती रेडिओवर वाजवली, पण सहा मिनिटांहूनही लांब. मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम साडेतीन मिनिटे मावत असल्यामुळे मिलरपुढे प्रश्न होता तो काय वाजवायचे याचा नव्हे, तर काय गाळायचे याचा, आणि माझ्या मते त्याचे खरे कर्तृत्व या काटछाटीतच आहे. टेक्स बेनिके आणि अल क्लिंक यांच्या टेनर सॅक्सोफोनची जुगलबंदी त्याने ठेवली, क्लाइड हर्लीच्या ट्रम्पेटलाही जागा दिली. मुख्य सुरावटीत चार ठोक्यांच्या चालीवर तीन-तीन स्वरांचे गट येतात, त्यामुळे आघात दर वेळी थोडा पुढे सरकतो आणि पायांना स्वस्थ बसवत नाही. शेवटाकडे तर हीच सुरावट प्रत्येक आवर्तनात आणखी हळू आवाजात वाजत जवळजवळ कुजबुजीवर येते. गाणे संपले असे वाटते न वाटते तोच सारा वाद्यवृंद एकदम उसळून येतो. हा डाव पाठ असूनही मी दर वेळी फसतो.

१९४०मध्ये ही तबकडी अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होती. अँडी रझाफने लिहिलेले शब्द मात्र मला उपरेच वाटतात. कदाचित या सुरावटीला शब्दांची गरजच नव्हती. १९७७मध्ये अमेरिकी गायक रे स्टीव्हन्सने तर ती चक्क कोंबड्यांच्या कलकलाटात म्हणून दाखवली, आणि तीही पहिल्या काही क्षणांतच ओळखू येते.