दिल्लीत उतरायचे कुठे? महिपालपूर सोडून

दिल्लीतल्या हॉटेलच्या वर्णनात ‘एरोसिटीजवळ’ किंवा ‘विमानतळापासून दहा मिनिटे’ असे दिसले, की ती खोली एरोसिटीत नाही, महिपालपुरात आहे, असे बेलाशक समजावे. एरोसिटी ही विमानतळाला लागून वसवलेली महागड्या हॉटेलांची आखीव वसाहत आहे; महिपालपूर हे दिल्ली-गुरुग्राम महामार्गाच्या पलीकडचे जुने गाव असून त्याच्या गल्ल्यांत आता चार-पाच मजली हॉटेले एकमेकांना चिकटून उभी आहेत. दोहोंतले अंतर जेमतेम दीड-दोन किलोमीटरांचे, परंतु आमच्या मुक्कामाचा निम्मा उत्साह तेवढ्या अंतरानेच खाल्ला. हुमायूनची कबर, लोदी बाग, कुतुबमिनार हे सारे जसे असायला हवे तसे आहे आणि त्यांविषयी लिहिणारे पुष्कळ आहेत. येथे राहायचे कुठे आणि कुठे मुळीच राहायचे नाही, एवढेच सांगायचे आहे.

खोली ठरवताना व्यवस्थापकाने दूरध्वनीवर ‘मेट्रो तो सामने ही है, सर’ असे ठासून सांगितले होते. मेट्रो समोर होती हे खरे, मात्र मध्ये राष्ट्रीय महामार्ग ४८ होता. एरोसिटी स्थानकातून बाहेर पडल्यावर पहिली काही मिनिटे स्वच्छ पदपथावरून चाकांची बॅग सुरेख पळते आणि दिल्ली फार सुधारली असे वाटू लागते. मग पदपथ संपतो, सर्व्हिस रोड लागतो, त्यावरून उलट दिशेने दुचाक्या अंगावर येतात, गुरुग्रामकडे जाणाऱ्या बस प्रवासी दिसेल तिथे थांबतात, आणि महामार्ग ओलांडायला धड जागा शोधत बरेच पुढे जाऊन तेवढेच मागे यावे लागते. आमच्यापैकी कोणी चालायला भिणारे नाही, सह्याद्रीत पाठीवर ओझे घेऊन दिवसभर चालणारी माणसे आम्ही आहोत. पण डोंगरातली चाल निराळी आणि रात्री दहा वाजता ट्रकांचे दिवे डोळ्यांवर घेत, धूळ गिळत, रस्त्याच्या कडेने सामान ओढत जाणे निराळे. एवढे करून खोलीत पोहोचल्यावर खिडकीचा पडदा सारला, तर हातभर अंतरावर शेजारच्या इमारतीची न गिलावलेली विटांची भिंत होती आणि मधल्या फटीत दोन्ही इमारतींच्या वातानुकूलन यंत्रांची गरम हवा कोंडलेली होती. खिडकी असलेली खोली मागितली होती, ती मिळाली, असेच व्यवस्थापकाचे म्हणणे पडले.

चालायचे नसेल तर रिक्षा, आणि खरी लूट तिथे आहे. जानेवारी २०२३ मध्ये ठरलेल्या दरानुसार दिल्लीत रिक्षाला पहिल्या दीड किलोमीटरला ३० रुपये आणि पुढे प्रत्येक किलोमीटरला ११ रुपये पडतात, रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात त्यावर पाव पट अधिक. या हिशेबाने एरोसिटी स्थानक ते महिपालपूर हे भाडे वळसा धरूनही पन्नास रुपयांच्या आसपास असायला हवे; सायंकाळनंतर मागितले जातात दोनशे. मीटरचे नाव काढले की तो बिघडलेला असतो. ॲपवरून गाडी मागवली तर चालक आधी फोन करून कुठे जायचे ते विचारतो आणि एवढ्या जवळचे भाडे ऐकून फेरी रद्द करतो. शिवाय विमानतळ मार्गिकेचे तिकीट मेट्रोच्या इतर मार्गिकांपेक्षा महाग आहे, ते माणशी निराळे. चांगल्या वस्तीतल्या खोलीपेक्षा भाड्यात जी बचत दिसत होती ती अशी रोज सकाळ-संध्याकाळ रिक्षात आणि तिकिटात गेली, वर मनस्ताप फुकट.

लाजपतनगरला जायचे म्हणून आम्ही एकदा धौला कुआँला उतरून गुलाबी मार्गिका धरली. नकाशात विमानतळ मार्गिकेचे धौला कुआँ आणि गुलाबी मार्गिकेचे दुर्गाबाई देशमुख साउथ कॅम्पस ही दोन स्थानके शेजारी दिसतात. प्रत्यक्षात दोहोंमध्ये किलोमीटरभराहून लांब पादचारी पूल आहे. सरकते पट्टे आहेत, वर छप्पर आहे, तक्रार करण्यासारखे काही नाही, पण सामान घेऊन हा मार्ग धरू नये. (चिंतामणराव देशमुखांच्या पत्नींचे नाव स्थानकाला पाहून बरे वाटले, एवढाच त्या पायपिटीतला लाभ.) एरोसिटी ते तुघलकाबाद ही नवी मार्गिका महिपालपुरातून जाणार आहे आणि ती सुरू झाल्यावर हे सारे कदाचित पालटेल. तोवर, टर्मिनल तीनवरून पहाटेचे विमान आहे आणि केवळ काही तास पाठ टेकायची आहे, एवढ्यापुरतेच महिपालपूर ठीक.

दिल्लीत हॉटेल ते प्रेक्षणीय स्थळ हे अंतर मोजण्यात अर्थ नाही, कारण स्थळे लाल किल्ल्यापासून कुतुबमिनारापर्यंत पसरलेली आहेत आणि कुठेही राहिले तरी काहीतरी लांब पडणारच. मोजायचे ते हॉटेल ते मेट्रो स्थानक, आणि तेही स्थानकाच्या कोणत्या गेटपासून, व मध्ये रिंग रोड किंवा उड्डाणपूल येतो का, हे पाहून. नकाशावर तीनशे मीटर दिसणारे अंतर दुभाजकामुळे सहज पाऊण किलोमीटर होते. हॉटेलवाल्याला ‘मेट्रो किती लांब’ असे न विचारता ‘कोणत्या स्थानकाच्या कितव्या गेटने बाहेर पडायचे आणि रस्ता ओलांडावा लागतो का’ असे विचारावे. ज्याला गेटचा क्रमांक सांगता येत नाही, त्याच्याकडे उतरू नये.

या कसोटीला उतरलेली वस्ती म्हणजे लाजपतनगर आणि त्याला लागून असलेले जंगपुरा. महिपालपूर सोडून आम्ही तिथेच हललो आणि पहिल्याच सकाळी फरक कळला. लाजपतनगरला जांभळी आणि गुलाबी अशा दोन मार्गिका मिळतात. जांभळी मार्गिका खान मार्केट, केंद्रीय सचिवालय, जनपथ, मंडी हाउस करीत थेट जामा मशीद आणि लाल किल्ल्यापर्यंत जाते, कुठेही बदलावी लागत नाही. गुलाबी मार्गिकेने दिल्ली हाट आणि सरोजिनीनगर हे बाजार हाकेच्या अंतरावर येतात, आणि दुसऱ्या दिशेला सराय काले खाँ-निजामुद्दीन हे रेल्वेस्थानकाजवळचे स्थानक तिसरेच. फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांची ही वसाहत आता पक्क्या मध्यमवर्गाची झाली आहे, घरांतच चालवलेल्या राहण्याच्या सोयी पुष्कळ आहेत, आणि सकाळी आठला कोपऱ्यावर छोले-कुलचे व अफगाणी नान दोन्ही मिळतात. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्यात. लाजपतनगर-४ हा भाग रिंग रोडच्या पलीकडे पडतो, तेव्हा पत्त्यातला आकडा नीट वाचावा. दुसरे असे की दक्षिण दिल्लीतल्या अशा वसाहतींची बहुतेक फाटके रात्री बंद होतात आणि एखादेच उघडे राहते. ते कोणते हे यजमानाला विचारून ठेवले नाही, तर घर समोर दिसत असताना रिक्षा वसाहतीला प्रदक्षिणा घालते आणि चालक त्या प्रदक्षिणेचेही पैसे मागतो.

पहाडगंजला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. मेन बाजाराचे एक टोक नवी दिल्ली स्थानकाला आणि दुसरे रामकृष्ण आश्रम मार्ग या मेट्रो स्थानकाकडे जाते, त्यामुळे सोय उत्तम आहे. गोंगाट, गाई, हॉर्न आणि बाजारातून वाट काढणाऱ्या ई-रिक्षा ज्यांना चालतात त्यांनी खुशाल राहावे. लहान मुले किंवा वृद्ध बरोबर असतील तर राहू नये. मात्र नवी दिल्ली स्थानकावरून पहाडगंजला जायचे तर फलाट क्रमांक एकच्या बाजूने बाहेर पडावे, मेट्रो पकडायची तर अजमेरी गेटच्या बाजूने. उलट केल्यास सगळे फलाट ओलांडण्याची शिक्षा आहे. बाहेर पडताच ‘तुमचे हॉटेल बंद झाले आहे’, ‘तिकडचा रस्ता पोलिसांनी अडवला आहे’ असे सांगणारा गृहस्थ भेटतोच. तो दलाल असतो आणि त्याला दुसऱ्या हॉटेलकडून तुमच्या डोक्यामागे पैसे मिळतात. त्याच्याशी वादही घालू नये, सरळ चालू लागावे. वाहतूक पोलिसांचे आगाऊ भाड्याचे रिक्षाकेंद्र स्थानकाबाहेर आहे, रांग कितीही लांब असली तरी तिथेच उभे राहावे.

करोलबागेत हॉटेले भरपूर आणि भाडी वाजवी आहेत, निळी मार्गिका जवळ आहे, आणि मराठी कुटुंबे खरेदीच्या ओढीने तिथेच उतरतात. सोमवारी बाजार बंद असतो, हे त्यांनी ध्यानात ठेवावे. वस्ती वाईट नाही, इमारती पारखून घ्याव्या लागतात. फेब्रुवारी २०१९ मध्ये येथल्याच एका हॉटेलला पहाटे लागलेल्या आगीत १७ माणसे दगावली. त्यानंतर तरी खोली पाहताना दुसरा जिना आहे का, त्याच्या दारापुढे गाद्या आणि खुर्च्या रचून ठेवल्या आहेत का, आणि खोलीची खिडकी बाहेर उघडते का, हे स्वतः वर जाऊन पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी दुसऱ्या जिन्याला कुलूप होते आणि किल्ली रात्रपाळीच्या माणसाकडे असते असे सांगण्यात आले. तिथून निघालो.

चांदणी चौकात राहण्याची कल्पना मोहक आहे, पण लाल किल्ल्यापासून फतेहपुरी मशिदीपर्यंतच्या रस्त्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ मोटारवाहनांना बंदी आहे. सायकलरिक्षा मिळते, तरी सामानासकट हॉटेलच्या दारात उतरणे विसरावे. खायला जावे, राहायला जाऊ नये. कॅनॉट प्लेसला सगळेच सोयीचे आहे आणि त्या सोयीची पुरेपूर किंमत घेतली जाते. पैशांचा प्रश्न नसेल तर हा लेख वाचण्याचीही गरज नाही. महाराष्ट्र सदनाच्या भरवशावर तर मुळीच निघू नये. कोपर्निकस मार्गावरचे जुने सदन काय किंवा कस्तुरबा गांधी मार्गावरचे नवे काय, मंत्री, आमदार, अधिकारी यांच्यानंतर उरले तर आपल्याला. ओळखीच्या कोणी ‘करून देतो’ म्हटले तरी हातात लेखी आरक्षण पडेपर्यंत दुसरी खोली सोडू नये.

शेवटी कुठून येणार आणि कुठून जाणार, यावर बरेचसे ठरते. विमान टर्मिनल तीनवर असेल तर नवी दिल्ली स्थानकापर्यंत विमानतळ मार्गिका वीसेक मिनिटांत आणते. टर्मिनल एक हे त्यापासून बरेच लांब असून तिथे किरमिजी मार्गिका जाते, जी हौज खासला पिवळ्या मार्गिकेला मिळते. तेव्हा टर्मिनल एकवर उतरणाऱ्यांनी हौज खास किंवा ग्रीन पार्कचा विचार करावा. रेल्वेने येणाऱ्यांनी तिकिटावरचे स्थानक पाहावे. गोवा एक्स्प्रेस आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून नाशिक-जळगावमार्गे येणारी राजधानी हजरत निजामुद्दीनला थांबतात, तर मुंबई सेंट्रलची राजधानी, पंजाब मेल आणि पुण्याची झेलम नवी दिल्लीला. परतीची पंजाब मेल पहाटे सुटते, त्या वेळी मेट्रो मिळेलच असे धरून चालू नये. त्या गाडीचे तिकीट असेल तर शेवटची रात्र पहाडगंजात काढावी. गाडी निजामुद्दीनहून असेल तर लाजपतनगर सोडण्याचे कारण नाही.