बाल्डविन इफेक्ट आणि वाया गेलेले तीन आठवडे

एमएस्सीच्या शेवटच्या सेमला प्रोजेक्टसाठी मी क्वेसार (महाकाय कृष्णविवरामुळे प्रचंड चमकणारी लांबच्या दीर्घिकांची केंद्रं) घेतले, कारण नाव भारी वाटलं, बाकी काही नाही. गाईड मॅडमनी विषय दिला बाल्डविन इफेक्ट. १९७७ मध्ये जॅक बाल्डविननी दाखवलं होतं की क्वेसार जितका जास्त तेजस्वी, तितकी त्याच्या स्पेक्ट्रममधली १५४९ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची कार्बन फोरची (तीन इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनची) रेषा मागच्या प्रकाशाच्या मानाने फिकी. रेषेचा प्रकाश घटत नाही हां, सगळे तिथेच गोंधळतात. आईला सांगितलं, समज बाबांचा पगार दहापट झाला आणि बचत पावणेसात पटच वाढली, तर पगारातला बचतीचा वाटा कमीच झाला ना. आई म्हणाली, आधी पगार तर होऊ दे दहापट.

स्लोअन या आकाश-सर्व्हेचा डेटा फुकट मिळतो. मी रेडशिफ्ट (झेड, म्हणजे येताना प्रकाश किती ताणला गेला त्याचं माप) १.६ ते ४ मधले चारशे स्पेक्ट्रम उतरवले, रेषेच्या दोन्ही बाजूंना कंटिन्युअम (तोच मागचा प्रकाश) बसवला, इक्विव्हॅलंट विड्थ (त्या प्रकाशाच्या मानाने रेषा किती ठळक, ते अँगस्ट्रॉममध्ये) काढली, तेजासमोर विड्थचा ग्राफ मारला आणि बघतो तर काय, ग्राफ सपाट. उतार नाहीच. मग काय, रेषेवर बसवायला गाउसियन (घंटेसारखा वक्र) एक घेतला, दोन घेतले, खराब स्पेक्ट्रम काढून टाकले, रात्रभर लॅपटॉप तापत ठेवला, तीन आठवडे हेच. सपाट ते सपाटच.

कळलं कुठे, तर स्लो लोकलमध्ये, विद्याविहारच्या पुढे, एका हाताने कडी धरून मोबाईलवर टेबल बघताना. रेडशिफ्ट ३.२ आणि विड्थ १२० अँगस्ट्रॉम. एवढी? विश्व प्रसरण पावतं तशी रेषेची रुंदीपण ताणली जाते, तिला एक अधिक झेडने भागायचं असतं आणि ते मी केलंच नव्हतं! १२० भागिले ४.२, म्हणजे जेमतेम २९. त्यात लांबचे फक्त जास्त तेजस्वी क्वेसारच आपल्याला दिसतात, म्हणजे ज्यांची विड्थ कमी यायला हवी तेच सगळ्यात जास्त ताणले गेलेले. उतार बरोब्बर खाल्ला गेला. कुर्ल्याला उतरायचं राहिलं, सायनवरून परत आलो.

कोडमध्ये एक ओळ टाकली, उतार आला उणे ०.१८. मोठ्या सॅम्पलवरच्या पेपरांतही साधारण तेवढाच असतो. मॅडम एवढंच म्हणाल्या, "अरे, हे पहिल्या दिवशी बघायचं ना."

कारण काय यावर अजून भांडणं आहेत. बऱ्याच जणांचं म्हणणं, तेज वाढलं की कृष्णविवराभोवती फिरणाऱ्या वायूच्या डिस्कच्या प्रकाशात जास्त ऊर्जेच्या फोटॉनचा वाटा घटतो, आणि कार्बन फोर बनवायला सुमारे ४८ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. मग नायट्रोजन फाइव्हची रेषा तर अजून फिकी पडायला हवी, तिला ७७ च्या वर लागतात. पण ती फारशी हलतच नाही. तेजस्वी क्वेसारांत नायट्रोजनच जास्त असतो म्हणून भरपाई होते म्हणे, मला ते जरा सोयीचं उत्तर वाटतं.

व्हायव्हाला एक्स्टर्नलनी विचारलं, विड्थवरून तेज कळतं तर अंतरं का नाही मोजत? बाल्डविनना तीच आशा होती. मी ग्राफ पुढे केला, एकाच तेजाच्या क्वेसारांत दुपटी-तिपटीचा फरक. सर बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, चहा घेतलास का?