कारण : खाजगी काम

गेल्या बुधवारी दुपारी एक मुलगी टॅब घेऊन काउंटरवर आली. पर्यटनाचं सर्वेक्षण होतं. महिन्याला पाहुणे किती, त्यात देशी किती, विदेशी किती, सरासरी मुक्काम किती रात्रींचा. मी म्हटलं, बसा ताई, चहा घ्या, हे एका वाक्यात सांगायचं काम नाही. ती म्हणाली, "दादा, मला आज अजून नऊ लॉज करायची आहेत."

नागपुरात गणेशपेठ बस स्टँडच्या मागे आमचं १४ खोल्यांचं लॉज आहे. बाबांनी सुरू केलं, आता मी बसतो. रजिस्टरचे रकाने मला शाळेत असल्यापासून पाठ आहेत: नाव, पत्ता, कुठून आले, कुठे जाणार, येण्याचं कारण, राष्ट्रीयत्व, सही. 'येण्याचं कारण' या रकान्यात दहातले नऊ जण एकच लिहितात: खाजगी काम. लग्नाला आलेला, कोर्टाच्या तारखेला आलेला, घरी भांडून आलेला, सगळ्यांचं खाजगी काम. बाबा म्हणायचे, "लिहू दे बे त्याले काय लिहायचं ते. भाडं आगाऊ घे, झालं."

तर देशी पाहुणे. देशभरचे आकडे याच वाटेनं वर जातात. राज्यं हॉटेल-लॉजांकडून माहिती गोळा करतात आणि तिच्या आधारावर देशी पर्यटकांच्या भेटी मोजतात. भेटी, माणसं नाहीत. एकच माणूस नागपूर, शेगाव, शिर्डी करत गेला तर तीनदा मोजला जाऊ शकतो. २०१९ मध्ये अशा २३२ कोटी भेटी होत्या, २०२० मध्ये ६१ कोटी. आमच्या रजिस्टरात तेव्हा मार्चच्या एका पानानंतर कोरं पान आणि मग थेट दिवाळीच्या आसपासची नोंद. २०२३ मध्ये आकडा २५० कोटींवर गेला, म्हणजे कोरोनाच्या आधीपेक्षा जास्त. वाचून मला वाटलं, मग माझ्या चार खोल्या रिकाम्या कशा?

उत्तर मला रस्त्यावर सापडलं. जालन्याचे बियाण्यांचे व्यापारी बाबांच्या काळापासून आमच्याकडे उतरायचे. रात्रभर ट्रॅव्हल्सनं यायचे, दिवसभर बाजार, रात्री सावजी जेवण, दुसऱ्या दिवशी परत. हमखास एक रात्र, कधी दोन. ११ डिसेंबर २०२२ ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि हे गिऱ्हाईक हळूहळू गेलं. पहाटे गाडी काढतात, रात्री घरी जेवायला. त्यांच्यातले एक परवा नुसते चहाला थांबले. "राग नको मानू भाऊ, आता मुक्काम करायचं कारणच नाही राहिलं." राग कशाचा? मीही शिर्डीला तसाच जाऊन येतो. नागपुरात माणसं पूर्वीपेक्षा जास्त येऊन राहिली आहेत, हे मी स्टँडवर डोळ्यांनी बघतो. राहत मात्र कमी आहेत. त्या मुलीच्या टॅबमध्ये यासाठी खूण नव्हती.

उलटंही होतं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर लाखो लोक येतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी इथं धम्मदीक्षा घेतली, तेव्हापासूनची ही वाट आहे. पण त्यातले किती जण लॉजमध्ये उतरतात? शाळांमध्ये, सभागृहांत, मांडवात, रस्त्याच्या कडेला चादर टाकून झोपतात. आमच्या १४ खोल्या भरतात आणि तेवढंच रजिस्टरला कळतं. शहराची सगळ्यात मोठी गर्दी कागदावर चौदा ओळींची.

विधिमंडळाचं डिसेंबरचं अधिवेशन मात्र पुरेपूर नोंदलं जातं. आमदार आमदार निवासात आणि त्यांच्या मागे फिरणारे आमच्यासारख्यांकडे. २०२० आणि २०२१ ला अधिवेशन मुंबईतच झालं, तेव्हा आमच्या गल्लीतल्या पोहेवाल्यापासून धोब्यापर्यंत सगळ्यांचं तोंड उतरलं होतं.

पण सरासरी मुक्काम कोण वाढवतं, हे विचाराल तर पर्यटक नव्हे, पेशंटचे नातेवाईक. बालाघाट, सिवनी, छिंदवाडा, राजनांदगाव. मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या या पट्ट्यातून मोठ्या दुखण्यासाठी नागपूरच गाठतात. पेशंट दवाखान्यात आणि घरची माणसं आमच्याकडे. गेल्या पावसाळ्यात बालाघाटकडचे एक आजोबा सतरा रात्री राहिले. आजींची केमो चालली होती. रोज सकाळी सातला खाली येऊन त्या दिवसाचे पैसे मोजून द्यायचे, आदल्या रात्री देत नसत, कारण "उद्या सुट्टी मिळाली तर?" दहाव्या दिवशी मला गच्चीवरून खिचडीचा वास आला. खोलीत स्वयंपाक करायला मनाई आहे, तशी पाटीच लावली आहे, म्हणून ते विटा मांडून गच्चीवर शिजवत होते. मी वर गेलो आणि काही न बोलता खाली आलो. दुसऱ्या दिवशी आमच्या रूमबॉयनंच त्यांना जुना स्टोव्ह नेऊन दिला. रजिस्टरात त्यांनी सतरा दिवसांपूर्वी हिंदीत लिहिलं होतं, 'निजी काम'.

हे सतरा दिवस त्या मुलीनं 'देशी पाहुणे' मध्ये टाकले. चूक नाही तिची. हेतूच्या खाली फिरणं, व्यवसाय, धार्मिक आणि इतर असे पर्याय होते. आजोबा इतरमध्ये गेले.

आता विदेशी. वाघ बघायला येणारे गोरे पाहुणे विमानतळावरून थेट पेंच नाही तर ताडोब्याची गाडी पकडतात. नागपुरात त्यांची एखादी रात्र पडली तर विमान चुकल्यामुळे, आणि तीही मोठ्या हॉटेलात. आमच्याकडे येतात ते भंते, म्हणजे बौद्ध भिक्खू: थायलंड, श्रीलंका, म्यानमार. दीक्षाभूमी, मग कामठीचं ड्रॅगन पॅलेस, जे १९९९ मध्ये जपानच्या मदतीनं उभं राहिलं. पहाटे चारला उठतात, गरम पाणी मागत नाहीत, अंघोळीनंतर बाथरूम आपणच पुसून घेतात. असे पाहुणे वर्षभर मिळाले तर मी रूमबॉयला रजेवर पाठवीन.

विदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म सरकारकडे ऑनलाइन भरावा लागतो; त्याचं जुनं नाव सी-फॉर्म, आम्ही अजून तेच म्हणतो. पासपोर्ट, व्हिसा, फोटो. बरीच छोटी लॉज ही कटकट नको म्हणून 'फॉरेनर नाही' सांगून मोकळी होतात आणि तिथला विदेशी आकडा शून्य राहतो. देशात २०१९ मध्ये १ कोटी ९ लाख विदेशी पर्यटक आले, २०२१ मध्ये १५ लाख, २०२४ मध्ये जवळपास १ कोटी. देशी पर्यटन २०२३ मध्येच आधीच्या पुढे निघून गेलं, विदेशी अजून थोडं मागेच.

आणि विदेशी म्हणजे तरी कोण? मागच्या हिवाळ्यात मामाच्या पोरीच्या लग्नाला एक जण आला. काउंटरवर उभा राहून म्हणाला, "दादा, तर्री पोहे कुठं चांगले मिळून राहिले आजकाल?" पासपोर्ट निळा, अमेरिकेचा. जन्मस्थळ नागपूर. घर धंतोलीत होतं, ते विकलं म्हणून लॉजमध्ये. त्याचा सी-फॉर्म भरताना मलाच ओशाळल्यासारखं झालं. तोही पासपोर्टचा फोटो माझ्या फोनवर देताना गप्प होता. आणि तिकडे भदंत सुरई ससाई, जन्म जपानचा, भारतीय नागरिक झाले आणि आमच्यापेक्षा जास्त नागपूरकर. हिशेबाच्या वहीत धंतोलीवाला परदेशी आणि जपानवाले देशी.

हे सगळं मी त्या मुलीला सांगितलं. चहा थंड झाला. तिनं शेवटी विचारलं, "मग सरासरी मुक्काम किती टाकू, दादा?" मी रजिस्टर पुढे ओढलं, मागच्या महिन्याच्या रात्री मोजल्या, पाहुण्यांच्या संख्येनं भागल्या. एक पूर्णांक आठ आला. तिनं दोन टाकला.

आता रात्रीचे पावणेबारा झाले आहेत. संध्याकाळी थायलंडचे दोन भंते आले. एकाचा फॉर्म गेला, दुसऱ्यांच्या व्हिसाचा फोटो माझा हात हलल्यामुळे पुसट आला आहे. ते झोपलेत. पहाटे चारला उठतीलच, तेव्हा नव्यानं काढीन.