टेक लाइव्ह: मॅप सिस्टिमचा की युजरचा?

सांगलीतल्या छोट्या छापखान्यांत एकाच लिनक्स संगणकावर दोघं-तिघं आपापल्या लॉगिननं काम करतात. टेक लाइव्ह, म्हणजे 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा संच, तिथे बसवलेला असतो. नवा टाइप १ (जुन्या पोस्टस्क्रिप्ट पद्धतीचा) फॉन्ट एकाच्या पीडीएफमध्ये नीट येतो, दुसऱ्याकडे फॉन्टच सापडत नाही. बहुतेकदा दुसऱ्या लॉगिनवर कधीतरी 'अपडीमॅप-युजर' चाललेलं असतं. ती कमांड होम फोल्डरमध्ये मॅपची, म्हणजे कोणत्या फॉन्टला कोणती फाइल या यादीची, वेगळी प्रत करते आणि टेक आधी तीच वाचतो. पुढे सिस्टिमवर कितीही फॉन्ट जोडा, त्या लॉगिनला पत्ताच नसतो. त्याच लॉगिनवरून 'केपीसेविच पीडीएफटेक.मॅप' चालवा; टेक कोणती मॅप फाइल वाचतो ते कळतं. उत्तरात होमचा रस्ता आला, तर ती प्रत काढून टाका.

फॉन्टच्या फाइली 'टेक्सएमएफ-लोकल' या सगळ्या लॉगिनना सामाईक फोल्डरमध्येच ठेवा. तिथल्या 'वेब२सी' फोल्डरमधल्या 'अपडीमॅप.सीएफजी'त 'मॅप' आणि पुढे फॉन्टच्या मॅप फाइलचं नाव, एवढीच ओळ लिहा. मग रूट (संगणकाचा प्रशासक) होऊन आधी फाइलींची सूची ताजी करणारं 'एमकेटेक्सएलएसआर', नंतर सगळ्यांसाठीचा मॅप बनवणारं 'अपडीमॅप-सिस' चालवा. क्रम उलटला तर नवी फाइल दिसतच नाही. 'अपडीमॅप-सिस'च्या 'एनेबल' पर्यायानंही काम होतं, पण नोंद टेक लाइव्हच्या त्या वर्षाच्या फोल्डरमध्ये जाते आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीत पुन्हा करावी लागते. मला तो मार्ग अजिबात पटत नाही.

युनिकोड मराठी झीलाटेकवर (युनिकोड वाचणाऱ्या टेकच्या प्रकारावर) जुळवत असाल, तर ओपनटाइप फॉन्टला या मॅपची गरजच नाही.