घाटातला कातळ कुठल्या थराचा?

सह्याद्रीचा कातळ लांबून सगळा एकसारखा काळा दिसतो, पण खालून वर त्यात कळसूबाई, लोणावळा आणि वाई असे 3 उपगट आहेत. कळसूबाई उपगटातल्या काही लाव्हाच्या प्रवाहांत (थिजलेल्या थरांत) प्लॅजिओक्लेज या खनिजाचे बोटाच्या पेराएवढे पांढरट स्फटिक असतात. हे थर नुसत्या डोळ्यांनी सापडतात, सीमा आखायला फार कामाचे. बाकी ठिकाणी रासायनिक विश्लेषणाशिवाय गत्यंतर नाही.

सगळ्यात बोलका फरक बुशे (लोणावळा उपगटातला थरसमूह) आणि अंबेनळी (वाई उपगटातला) यांचा. बुशेचा शिलारस वर येताना भूकवचाचा बराच खडक पचवून आला: सिलिका, बेरियम जास्त, टायटॅनियम कमी, स्ट्राँशियमच्या 87 आणि 86 या समस्थानिकांचं (एकाच मूलद्रव्याच्या वेगळ्या वजनाच्या अणूंचं) गुणोत्तर 0.713च्या पुढे. अंबेनळीत तेच 0.704च्या आसपास, म्हणजे भूकवचाची भेसळ जवळपास नाहीच.

नमुना प्रवाहाच्या मधल्या भरीव भागातूनच घ्या, वरची तांबूस साल फोडून टाका. माथ्याकडच्या पोकळ्यांत झिओलाइट आणि कॅल्साइट ही खनिजं नंतर भरलेली असतात. पोटॅशियम, बेरियमचे आकडे तिथेच बिघडतात. खडक थोडा कुजलेला वाटला तर टायटॅनियम, झिर्कोनियम, निओबियमवर भिस्त ठेवा.

आणि नुसत्या उंचीवरून थर जुळवू नका. थर दक्षिणेकडे किंचित कललेले आहेत, त्यामुळे महाबळेश्वरला माथ्यावर असलेला थर पुढे बराच खाली उतरतो.