बादलीतला पांढरा चुरा

सकाळी अंघोळीला गीझरच्या पाण्याने बादली भरली, तर तळाशी पांढरा चुरा. खडेमीठ कुटल्यासारखा. बोटांत चुरडला तर करकरला.

शॉवरची जाळी काढून वाटीभर व्हिनेगरमध्ये टाकली. फसफस बुडबुडे आले, म्हणजे क्षार. आमच्याकडे बोअरचं पाणी, त्यामुळे नवल नाही. पण एवढा?

दुपारी प्लंबरदादा आले. मेन स्विच बंद केला, गीझरची टाकी रिकामी केली, खालची प्लेट उघडली. आधी तसराळंभर खपल्या बदाबदा पडल्या. मग त्यांनी माझ्या हातात एक काडी ठेवली. वाळक्या शेवग्याच्या शेंगेसारखी, खडबडीत, मध्येमध्ये तर नुसती तार उरलेली. मॅग्नेशियमचा रॉड. नवा असताना चांगला जाडजूड असतो म्हणे.

"टाकी गंजू नये म्हणून हा गंजतो, ताई. तुम्ही कधी बदललाच नाही."

सात वर्षं! गीझर घेताना किती लिटर, किती स्टार, सगळं पाहिलं होतं. रंगावरून तर घरात भांडण झालेलं. आणि आत हा मुकाट झिजत होता, आम्ही कढत पाणी अंगावर घेत होतो. जड पाण्यात वर्षा-दोन वर्षांनी तो बघावा लागतो, हे मला आज कळलं.

नवा रॉड बसला. जुना फेकवला नाही, खिडकीत ठेवलाय. आई दोनदा विचारून गेली, "हे काय जपून ठेवलंयस?"

तुमच्याकडचा शेवटचा कधी बघितलात?